विहीर विकली, पाणी विकलें नाहीं

अकबर-बिरबलाच्या ज्या गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगितल्या जातात, त्यांत विहिरीच्या विक्रीची एक गोष्ट आहे. एकानें शेजाऱ्याला आपली विहीर विकली, रोख पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशीं शेजारी पोहरा घेऊन आला तेव्हां त्याला अडवून तो म्हणाला कीं, विहीर तुझी खरी, परंतु आंतील पाणी मीं विकलेलें नाहीं. बिरबलानें दिलेला निवाडा सर्वांस ठाऊक आहे: पाणी तुझें असेल तर दुसऱ्याच्या विहिरींत तें ठेवल्याबद्दल भाडें दे, नाहीं तर आजच्या आज उपसून ने. लहानपणीं या निवाड्याला आपण हंसतों आणि विसरतों. पुढें वय वाढल्यावर असें ध्यानांत येतें कीं, तो विक्रेता कांहीं मेलेला नाहीं. त्यानें फक्त धंदा बदलला आहे.

हा विचार मनांत येण्यास जें निमित्त झालें तें अगदीं क्षुल्लक होतें. धुळे जिल्ह्यांतील एका लहानशा वाचनालयाला एका कचेरीनें आपले जुने संगणक देणगी म्हणून दिले. ज्या विंडोज-१० या प्रणालीवर ते चालत होते, तिची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, आणि तिच्यानंतरची प्रणाली इतक्या जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाहीं. जळगांवास अभियांत्रिकी शिकून आलेल्या गांवांतल्याच एका तरुणानें त्यांवर एक अल्पपरिचित, विनामूल्य कार्यप्रणाली बसविली. यंत्रें चालूं लागलीं. परंतु एका संगणकाच्या पडद्यावर अक्षरें आडवीं ताणल्यासारखीं व धूसर दिसूं लागलीं. जोडाक्षरांतील काना-मात्रा ओळखूं येईनात. चलच्चित्र लावलें तर तें अडखळत पुढें सरके. वाचनालयाची व्यवस्था पाहणारे एक सेवानिवृत्त गुरुजी शेजारीं उभे होते. त्यांनीं विचारलें, "कार्ड बिघडलंय का रे?" तरुण म्हणाला, "नाही गुरुजी, कार्ड उत्तम आहे. पण त्याच्याशी बोलायचं कसं, ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही."

त्या कार्डाचा निर्माता कोण, हें सांगण्याचें येथें कारण नाहीं; कारण प्रश्न एका निर्मात्याचा नाहीं. प्रश्न असा आहे कीं, जो मनुष्य एखादी वस्तु विकतो, तो ती वापरण्याचें ज्ञानही देणें लागतो काय? आणि लागत असल्यास, तें सर्वांना देणें लागतो, कीं केवळ जे संख्येनें पुष्कळ आहेत त्यांनाच?

प्रथम वस्तुस्थिति थोडी समजून घेतली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम ज्या भागाकडे असतें, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. हें कार्ड म्हणजे स्वतःची भाषा असलेला एक परदेशी कारागीर आहे असें समजावें. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी कार्यप्रणाली, तिला ही भाषा येत नसते. दोघांच्या मध्यें एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर हें नांव आहे. दुभाषी हजर नसला तरी कारागीर अगदींच स्वस्थ बसतो असें नाहीं. खाणाखुणांनीं सांगितलेलें चार ठोकळ कामांपुरतें तो ऐकतो. वाचनालयांतील पडद्यावर दिसलें तें हें खाणाखुणांचें काम होतें.

आतां दुभाषी तयार करण्यास खर्च येतो, आणि कार्यप्रणाली तर अनेक आहेत. ज्या एक-दोन प्रणाली जगांतील बहुतेक घरांत व कचेऱ्यांत असतात, त्यांच्यासाठीं निर्माता ड्रायव्हर तयार करतो. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, हायकू इत्यादि ज्या प्रणाली थोडे लोक वापरतात, त्यांच्या वाट्याला बहुधा कांहीं येत नाहीं. क्वचित् येतेंही: एनव्हिडिया ही कंपनी फ्रीबीएसडीसाठीं वीस वर्षांहून अधिक काळ आपला ड्रायव्हर देत आली आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु त्याहून लहान प्रणालींना तिच्याकडून असा ड्रायव्हर मिळालेला नाहीं.

येथें पुष्कळ लोक लागलीच निर्मात्याला दोष देतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. पाचोऱ्याच्या बाजारांतील शिंप्यानें गांवांत एकच माणूस घालतो म्हणून विशिष्ट धाटणीचा अंगरखा शिवण्याचें नाकारलें, तर त्यानें कोणतें पाप केलें? कोणाच्याही श्रमावर दुसऱ्याचा स्वभावतःच हक्क नसतो. शंभर माणसांसाठीं दहा कारागीर राबवावे हें व्यवहाराला धरून आहे. एका माणसासाठीं दहा राबवावे अशी मागणी तो एक माणूस करूं लागला, तर ती याचना होईल, हक्क होणार नाहीं. थोड्यांच्या कैवाराच्या भरांत आपण इतरांच्या श्रमाची किंमत विसरतां कामा नये. म्हणून "आमच्यासाठीं ड्रायव्हर लिहून द्या" ही मागणी निर्मात्यानें नाकारली, तर त्यांत अन्याय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु लहान प्रणालींच्या लोकांची मागणी बहुतेक वेळां ही नसतेच. ते म्हणतात, "आमचें काम आम्ही करूं. रात्रीचा दिवस करूं. तुम्ही फक्त कार्डाची भाषा सांगा." आणि येथेंच प्रश्नाचें स्वरूप पालटतें. काम न करणें ही एक गोष्ट, आणि दुसरा करीत असतां त्याची वाट अडविणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलीला फार तर अनौदार्य म्हणतां येईल. दुसरीला अन्याय हाच शब्द आहे.

खानदेशांतील वाचकांना हा भेद एका परिचित उदाहरणानें स्पष्ट होईल. पाचोरा ते जामनेर ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवणारी लहान गाडी २०२० सालापर्यंत चालूं होती. पाचोऱ्याहून जाणारा मुंबई-भुसावळ हा मुख्य मार्ग साडेपांच फुटांचा. मोठ्या मार्गावरचा डबा लहान रुळांवर चालत नसे. उतारूंना गाडी बदलावी लागे. मोठ्या मार्गाचे डबे बांधणाऱ्या कारखान्यानें जामनेरसाठीं वेगळे डबे फुकट बांधून द्यावे, असें कोणी म्हटलें नाहीं. परंतु रुळांमधील अंतर किती, हें कोणी गुपितही ठेवलें नाहीं. तें माप उघडें होतें. म्हणून ज्याला हवें त्याला त्या मापाची चाकें घडवितां येत होतीं. रुळांचें माप लपवून, वर "तुमच्या गाडीला उतारू थोडे, म्हणून ती बंद पडली" असें जर कोणी म्हटलें असतें, तर त्याला आपण काय म्हटलें असतें?

गेल्या वीस वर्षांचा इतिहास पाहिला तर दोन्ही वर्तनांचीं उदाहरणें सांपडतात. एएमडी या कंपनीनें २००७ सालीं आपल्या कार्डांची माहिती प्रसिद्ध करण्याचें ठरविलें. इंटेलनेंही आपल्या चित्रयंत्रणेविषयींचे तपशीलवार ग्रंथ सर्वांसाठीं खुले केले. लिनक्ससाठीं तयार झालेले या दोघांचे ड्रायव्हर मुख्यतः अशा उदार परवान्याखालीं आहेत कीं, बीएसडी कुळांतील प्रणालींना ते उचलून आपल्या घरीं नेतां आले. म्हणजे एकदां उघडें ठेवलेलें ज्ञान, ज्यांची नांवेंही निर्मात्याला ठाऊक नव्हतीं, अशांपर्यंत आपोआप पोंचलें. त्यासाठीं निर्मात्याला दुसऱ्यांदा श्रम करावे लागले नाहींत.

एनव्हिडियाची कथा याहून निराळी आहे. तिच्या कार्डांची भाषा बाहेरच्या लोकांनीं, निरीक्षणानें व तर्कानें, एक एक शब्द जुळवीत शिकून नूवो नांवाचा ड्रायव्हर रचला. हें काम २००५ च्या सुमारास सुरू झालें. परंतु २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीनें अशी योजना केली कीं, कार्डाच्या आंतील कांहीं महत्त्वाचीं कामें कंपनीच्या सही-शिक्क्याची आज्ञावली असल्यावांचून होऊं नयेत. परिणाम असा झाला कीं, बाहेरच्यांनीं लिहिलेल्या ड्रायव्हरला कार्डाचा वेग वाढवितां येईना, आणि उत्तम कार्ड आरंभींच्या मंद गतीनेंच चालत राहिलें. २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत बोलतांना लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानें या कंपनीला भर सभेंत अपशब्द वापरला होता, तो असल्याच असहकारामुळें. त्याच्या शब्दांचें समर्थन करवत नाहीं. संतापाचें कारण मात्र समजतें. २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा गाभ्यालगतचा भाग खुला केला. तो २०१८ पासूनच्या नव्या कार्डांपुरताच आहे, आणि पुष्कळसें गुपित कार्डाच्या आंतील बंद आज्ञावलींत राहिलें आहे. तरीही दार किलकिलें झालें, हें मान्य केलें पाहिजे.

प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकल्याशिवाय निवाडा देणें न्यायाला सोडून होईल. निर्माता म्हणतो: कार्डाची भाषा सांगितली तर प्रतिस्पर्धी आमची कल्पकता चोरतील, त्यांतील कांहीं भाग आम्हीच दुसऱ्यांकडून अटींवर घेतलेला आहे, आणि कार्डाच्या आंतील आज्ञावली कोणालाही बदलतां आली, तर हलकें कार्ड भारी म्हणून विकणारे ठक माजतील. हीं तिन्ही कारणें पोकळ नाहींत. बनावट आज्ञावली घालून जुनीं कार्डें नवीं म्हणून विकल्याचे प्रकार खरोखरच घडलेले आहेत. परंतु या कारणांनीं जेवढें सिद्ध होतें तेवढेंच मान्य करावें, त्याहून अधिक नाहीं. वैद्यानें औषधाची कृति सांगूं नये, हें एक वेळ चालेल. परंतु तें जेवणापूर्वीं घ्यावयाचें कीं नंतर, हेंही सांगणार नाहीं म्हटल्यास चालणार नाहीं. कार्ड कसें घडविलें हें गुपित राहूं द्या. त्याला आज्ञा कशी द्यावी हें गुपित राहूं शकत नाहीं, कारण तेंच तर विकलें आहे. ज्याला आज्ञा देतां येत नाहीं असें कार्ड म्हणजे पाण्यावांचूनची विहीर. आणि इतरांनीं तें ज्ञान उघडें ठेवूनही त्यांचा धंदा बुडाला नाहीं, ही गोष्ट डोळ्यांपुढें आहे.

आणखी एक आक्षेप असा कीं, वस्तूच्या वेष्टनावर कोणत्या प्रणालीवर ती चालेल हें छापलेलें असतें. ग्राहकानें तें वाचून घ्यावें. या सूचनेनें श्रमाची जबाबदारी सुटते, अडवणुकीची सुटत नाहीं. शिवाय बहुसंख्य आणि अल्पसंख्य हे कांहीं जन्मजात वर्ण नव्हेत. ज्या दिवशीं त्या कचेरीनें संगणक घेतले, त्या दिवशीं ती बहुसंख्यांतच होती. वेष्टनावर तिच्या प्रणालीचें नांव ठळक छापलेलें होतें. दिवस गेले, प्रणालीची देखभाल संपली, आणि तोच संगणक, तेंच कार्ड, कांहींही न बिघडतां अल्पसंख्यांत येऊन पडलें. दहा वर्षांपूर्वीं लक्षावधि लोकांनीं घेतलेल्या कार्डांनाही नव्या आवृत्तींतून वगळलें जातें, हें आपण पाहतोंच. म्हणजे काळ हा प्रत्येक ग्राहकाला, त्याच्या नकळत, थोड्यांच्या बाजूला नेऊन सोडतो. थोड्यांचा प्रश्न हा दुसऱ्या कोणाचा प्रश्न आहे, असें समजणारा मनुष्य स्वतःच्या उद्यांचा विचार करीत नाहीं.

संख्येचा युक्तिवाद आणखी एका ठिकाणीं लंगडा पडतो. किंमत घेतांना निर्मात्यानें कोणाला "तुम्ही किती जण आहांत?" असें विचारलेलें नसतें. लहान प्रणाली वापरणाऱ्यानेंही पूर्ण पैसे मोजलेले असतात. विक्री ही नेहमीं एका माणसाशीं होते. समूहाशीं होत नाहीं. मग घेणें एकेकट्याकडून आणि देणें मात्र समूहाच्या संख्येवर, हा हिशेब कोणत्या वहींत बसतो?

अमळनेर या एकाच गांवानें या प्रश्नाच्या दोन्ही अंगांना जन्म दिला, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे. येथेंच १९१६ सालीं प्रतापशेटांच्या औदार्यानें तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें, आणि येथेंच १९४५ सालीं वनस्पति तुपाचा तो कारखाना निघाला, जो पुढें संगणकाच्या धंद्यांत शिरून विप्रो या नांवानें जगभर ओळखला जाऊं लागला. यंत्र आणि तत्त्वविचार हीं एकमेकांपासून फार दूर राहतात, असें म्हणणाऱ्यांनीं एकदां अमळनेरच्या रस्त्यांवरून फिरून यावें.

आणि धुळ्याला तर या प्रश्नाचें उत्तर आधींच मिळालेलें आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं धुळ्यास देह ठेवला. पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ निघालें. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापणाऱ्या या पुरुषाला आयुष्यभर ज्या एका गोष्टीशीं झगडावें लागलें, ती म्हणजे जुन्या घराण्यांचीं बंद दप्तरें. त्यांनीं दप्तरांच्या मालकांकडे काय मागितलें? "मोडी वाचून द्या" असें नाहीं. वाचण्याची विद्या त्यांच्यापाशीं होती. "छापून द्या" असें नाहीं. तो भार ते स्वतः उचलीत होते. त्यांची मागणी एवढीच होती कीं, पेटीचें झांकण उघडा. पुष्कळांनीं उघडलें नाहीं, आणि कागद वाळवीनें खाल्ले. त्या मालकांना आज आपण आळशी म्हणून दोष देत नाहीं. त्यांनीं संशोधन केलें नाहीं म्हणूनही नाहीं. आपण दोष देतों तो झांकणावर ठेवलेल्या हाताबद्दल.

कोणी म्हणेल, त्या थोड्या लोकांनीं तरी मोठ्या प्रणालीच्या मागें कां जाऊं नये? वेगळ्या वाटेचा हा हट्ट कशाला? याला उत्तर असें कीं, वेगळ्या वाटेवरून कोण काय घेऊन येईल हें आधीं सांगतां येत नाहीं. १९९१ सालीं लिनक्स ही हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याची खोलींतली खटपट होती. आज आपल्या गांवांतील बहुतेकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतात. ओपनबीएसडी ही आजही लहान प्रणाली आहे. परंतु तिच्या मंडळींनीं १९९९ सालीं रचलेलें ओपनएसएसएच हें साधन दूरच्या यंत्राशीं सुरक्षितपणें बोलण्यासाठीं आज जगभर वापरलें जातें, मोठमोठ्या कंपन्याही तें वापरतात. थोड्यांना वाट देणें हा केवळ उपकार नव्हे. तें पुष्कळांचें बीं राखून ठेवणेंही आहे. कोणत्या बियाण्याची पुढें गरज पडेल हें खानदेशांतील कापूस पेरणाऱ्यालाही आधीं कळत नाहीं.

पण आम्हां मराठी लोकांना हा धडा बाहेरून शिकण्याचें कारणच नाहीं. संगणकाच्या जगांत आपली लिपि हीच एके काळीं अल्पसंख्य होती. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिच्या जिस्ट नांवाच्या कार्डानें त्या वेळच्या परदेशी यंत्रांवर देवनागरी अक्षरें दिसूं लागलीं. तें यंत्र परभाषेंत बोलणारें होतें. आपल्या लोकांना त्याच्याशीं बोलतां आलें, कारण त्याची बोली उघडी होती. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संकेतांचें प्रमाण छापून प्रसिद्ध झालें, तेंही सर्वांसाठीं. याउलट अनेक खाजगी टंकांनीं आपापले संकेत वेगवेगळे ठेवले, आणि त्या काळांत टंकलिखित झालेला पुष्कळ मराठी मजकूर आज उघडला तर निरर्थक चिन्हांची रास दिसते. उघड्या आणि झांकलेल्या ज्ञानाचीं दोन्ही फळें आपण चाखलीं आहेत.

आणि ज्या मापानें आम्ही निर्मात्याला मोजतों, त्याच मापानें स्वतःलाही मोजणें भाग आहे. २०११ च्या जनगणनेंत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सुमारें १८ लक्ष ६० हजार लोकांनीं सांगितली. त्यांच्या अहिराणीशीं आपण प्रमाण मराठीवाले कसे वागतों? तिच्यांत ग्रंथ लिहून देणें हें आपलें कर्तव्य नसेल. परंतु शाळेंत मूल अहिराणी बोललें कीं त्याला हंसून गप्प करणें, हें झांकणावर हात ठेवणेंच होय. बहुसंख्य असणें हा दोष नाहीं. आपल्या बहुसंख्येनें दुसऱ्याची वाट बंद होते कीं काय, हें न पाहणें हा दोष आहे.

वाचनालयांतील संगणकाचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. त्या तरुणानें कार्ड काढून घेतलें. यंत्राच्या मुख्य पाटीवर आणखी एक साधी, हलक्या प्रतीची चित्रयंत्रणा मुळांतच होती; तिच्या निर्मात्यानें तिची सर्व माहिती छापून ठेवलेली होती. पडदा तिला जोडतांच अक्षरें स्वच्छ झालीं, काना-मात्रा जागच्या जागीं दिसल्या, आणि गुरुजींनीं चष्मा न पुसतां पहिलें पान वाचलें. हलकें यंत्र उपयोगीं पडलें, कारण तें उघडें होतें. भारी किंमतीचें कार्ड आजही वाचनालयाच्या खणांत, कागदांत गुंडाळून ठेवलें आहे. त्यांत कोणताही बिघाड नाहीं. गुरुजींनीं त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहून ठेवलें आहे: "चांगलें आहे. टाकूं नये."